शिरगावच्या विहिरींचं पाणी कुठं गेलं?

गोव्याला जायचं म्हटलं की आपली कोल्हापूरकरांची गाडी आंबोली उतरते ती थेट बीचवरच थांबते. आज जरा दोडामार्गवरून अस्नोड्याकडं वळूया. अस्नोडा आणि डिचोली यांच्या मध्ये एक छोटं गाव आहे, शिरगाव.

या पट्ट्यात फिरताना टेकड्यांकडं नीट बघा. बाजू पायऱ्यांसारख्या कापलेल्या, माथा सपाट, वर सगळीकडं एकाच जातीची बाभूळ. त्यातल्या बऱ्याच टेकड्या म्हणजे खाणीतून काढून टाकलेली माती आहे. एक टन लोहखनिज काढायचं तर साधारण अडीच-तीन टन माती उपसावी लागते. ती जाणार कुठं?

गोष्ट पोर्तुगीजांच्या काळातली. त्यांनी खाणींचे परवाने दिले ते जवळजवळ कायमचेच. 1961 ला गोवा मुक्त झाला, तरी परवाने तसेच राहिले. 1987 ला कायदा करून त्यांची लीज झाली. माल ट्रकनं नदीपर्यंत, बार्जमधून मांडवीनं मुरगावला, तिथून जहाजानं जपानला. पुढं चीननं मागणी वाढवली आणि 2010-11 मध्ये एवढ्याशा गोव्यातून 5 कोटी टनांच्या वर खनिज बाहेर गेलं.

आता शिरगावचं बघा. गावाभोवती एक नाही, तीन कंपन्यांची लीज होती. खड्डे इतके खोल गेले की तळ भूजलाच्या पातळीखाली गेला. खड्ड्यात पाणी भरलं तर काम बंद, म्हणून रात्रंदिवस पंप. शेजाऱ्यानं खोल बोअर मारली की आपली विहीर कशी आटते, ते आपल्याकडच्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. इथं तर शेजारी अख्खी खाणच होती. गावातल्या विहिरी कोरड्या पडल्या, शेतं गाळानं भरली, आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं.

आणि हे गाव पाण्यावाचून चालणारं नाही. कारण इथं लईराई देवी आहे. वैशाख शुद्ध पंचमीला तिची जत्रा. हजारो धोंड, म्हणजे देवीचे व्रतकरी, हातात वेताची काठी, गळ्यात मोगऱ्याच्या माळा घालून निखाऱ्यांवरून चालतात. आपल्या सिंधुदुर्गातूनही लोक जातात. त्याआधीचे दिवस सोवळ्याचे. आंघोळ केल्याशिवाय जेवण नाही. त्यासाठी तळी पाहिजे, विहीर पाहिजे. (लईराईची बहीण मीराबाई, म्हणजे म्हापशाची मिलाग्रीस सायबीण. हिंदू देवीची ख्रिस्ती बहीण! पण ती गोष्ट एका वेगळ्या एपिसोडची आहे.)

मग सगळा दोष खाणीचा म्हणून मोकळं व्हायचं का? मला ते पटत नाही. ज्या घराची विहीर आटली, त्याच घरात कर्जावर घेतलेला ट्रक उभा असायचा. 2012 ला शहा आयोगाचा अहवाल आला, आधी सरकारनं आणि मग सर्वोच्च न्यायालयानं खाणी थांबवल्या, तेव्हा ते ट्रक दारात गंजायला लागले. 2014 ला मर्यादा घालून परवानगी मिळाली. 2018 च्या फेब्रुवारीत न्यायालयानं 88 लीजचं नूतनीकरण रद्द केलं, आणि 16 मार्चपासून पुन्हा सगळं ठप्प.

खाण बंद झाली म्हणून तिनं मागं टाकलेलं संपत नाही. वेल्समधलं अॅबरफॅन घ्या. कोळसा खाणीच्या मातीचा ढीग तिथं एका झऱ्यावरच रचला होता. 21 ऑक्टोबर 1966 ला तो पावसानं सैल होऊन शाळेवर आला. 144 माणसं गेली, त्यात 116 मुलं. आता गोव्याचा पाऊस आठवा आणि त्या सपाट टेकड्या आठवा.

आणि शिरगावची खाण आता 'माजी' पण राहिलेली नाही. 2022 च्या शेवटी सरकारनं लिलाव केले. शिरगाव-मये हा त्यातलाच एक ब्लॉक. 2024 मध्ये डिचोलीच्या ब्लॉकमधून खनिज परत निघू लागलं. घरं, देवळं, तळी लीजच्या हद्दीतून वगळा, अशी तिथल्या गावकऱ्यांची मागणी आहे. ट्रकवाल्यांना काम पाहिजे आहे. बऱ्याचदा दोघं एकाच घरातले असतात.

आपल्या राधानगरी-चंदगडकडं बॉक्साइटच्या खाणी आहेतच. तुमच्या गावाजवळ असेल, तर विहिरींची पातळी आधी काय होती आणि आता काय आहे, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि मला व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात तेच ऐकवतो.