आपली गोष्ट आपणच सांगू
(वर्धापनदिनाच्या सभेतील भाषण)



बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ काढला, १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’. आपली बाजू दुसरा कुणी मांडेना म्हणून! ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांच्यापर्यंत भीमराव कर्डकांसारख्यांच्या जलशांनी हाच विचार नेला.

आज घरोघर मोबाईल आहे. पोरं त्यात दुसऱ्यांच्याच गोष्टी बघत बसतात. नुसतं “पोरं बिघडली” म्हणून भागणार नाही. त्यांना शिकवावं लागेल.

आपल्याच जिल्ह्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे घ्या. शिकत असतानाच त्यांनी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला. शाळेसाठी धडपडणाऱ्या पोराची ती गोष्ट. तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे २०१३ चा ‘फँड्री’, २०१६ चा ‘सैराट’. माणसं आपल्याकडची, बोलीही आपलीच.

सात रस्त्याच्या आसपासही गिरणीत राबलेले आजोबा आहेत, विड्या वळून लेकरं शिकवलेल्या आज्या आहेत. त्यांच्या आठवणी कुठं लिहिलेल्या नाहीत. माणूस गेलं की आठवणही गेली.

म्हणून आमचं मागणं एवढंच, रविवारी वंदनेनंतर एक तास पोरांना द्या. आधी आजीची परवानगी घ्यावी. तिच्या तोंडावर उजेड येईल असं बसवावं, पंखा बंद करावा, मोबाईल जवळ धरावा आणि ती बोलताना मध्ये बोलू नये. मोबाईल मुलींच्याही हातात द्यावा. तयार झालेली गोष्ट सगळ्यांनी विहारात बसून बघावी.

विहार हे जसं वंदनेचं, तसंच शिक्षणाचंही ठिकाण आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!