गर्भाशयमुखाचा कर्करोग आणि यंत्राचा हात

जबलपूर जिल्ह्यातील पाटन येथील एखाद्या भगिनीला गर्भाशयमुखाचा कर्करोग झाला, तर तिच्या घरच्यांनी मोठ्या शहरातील यंत्रमानवाकडून होणाऱ्या शस्त्रक्रियेसाठी शेत गहाण टाकावे काय?

हा यंत्रमानव स्वतःच्या बुद्धीने काही करीत नाही. शल्यचिकित्सक बाजूला बसून हात हालवितो आणि पोटावरील बारीक छिद्रांतून आत गेलेले यांत्रिक हात त्याचप्रमाणे हालतात. जखम लहान होते, रक्त कमी जाते, रोगी लवकर घरी परततो. परंतु रोग कायमचा जातो काय?

२०१८ साली ६३१ स्त्रियांवरील एका आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रोगाच्या आरंभीच्या अवस्थेत पोट उघडून शस्त्रक्रिया केलेल्यांपैकी ९६.५ टक्के स्त्रिया साडेचार वर्षांनंतर रोगमुक्त होत्या. छिद्रांतून केलेल्यांत हे प्रमाण ८६ टक्केच भरले. या दुसऱ्या गटात यंत्रमानवाचा उपयोग थोड्याच जणींसाठी झाला होता, हे खरे. तरीही व्रण केवढा राहील, यापेक्षा रोग उलटण्याचा संभव किती, हेच वैद्याला आधी विचारावे.

मात्र शस्त्रक्रियेपर्यंत वेळच येऊ नये, हे अधिक श्रेयस्कर. पूर्वीच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील खेड्यांत १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. ज्या गटाला एचपीव्ही या विषाणूची एकच तपासणी देऊ केली, त्या गटात या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले, असे २००९ साली प्रसिद्ध झाले. तिशी ओलांडलेल्या प्रत्येक भगिनीने ही तपासणी, काही त्रास नसतानाच, करून घ्यावी.