गाडी मी चालवणार, बघणार हे

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षातल्या संध्याकाळच्या गप्पांमध्ये क्लबहाउसात केलेलं भाषण. बोलण्यातला ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मला विषय दिलाय 'स्वतः गाडी चालवत केलेला परदेश प्रवास'. खरं तर प्रवास सात दिवसांचा आणि तयारी आठ महिन्यांची. त्यामुळे मी जास्त तयारीबद्दलच बोलणार आहे. फोटो नंतर दाखवते, घाई करू नका.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे की आमच्या ह्यांना काचबिंदू आहे. समोरचं स्वच्छ दिसतं, बारीक अक्षरही वाचतात, पण कडेचं दिसणं कमी होत चाललंय. नळीतून पाहावं तसं. पंचवीस वर्षं या सोसायटीच्या प्रत्येक सहलीला पुढची गाडी ह्यांची असायची. दीड वर्षापूर्वी ह्यांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि पुन्हा मागितली नाही. डॉक्टर म्हणाले, थेंब नियमित घाला, जे आहे ते टिकवायचं, गेलेलं परत येत नाही. त्या रात्री जेवताना हे म्हणाले, "स्कॉटलंडचा उत्तरेचा किनारा राहिला की गं." एवढंच. मी भाजी वाढली आणि मनात ठरवून टाकलं.

मुलाचं म्हणणं, टूरबरोबर जा. मी टूरच्या विरुद्ध नाही, चारधामला आम्ही टूरनेच गेलो होतो. पण टूरची बस वीस मिनिटं थांबते. ह्यांना बसमधून उतरून डोळे उजेडाला सरावायलाच पाच मिनिटं लागतात, आणि मग मान फिरवत फिरवत तुकड्या-तुकड्यानं डोंगर बघायचा असतो. त्याला वीस मिनिटं कशी पुरणार? म्हणून गाडी आपलीच हवी.

स्कॉटलंडच का, तर पहिली गोष्ट, तिथे आपल्यासारखीच डाव्या बाजूने गाडी चालवतात. आइसलंड, नॉर्वे सुंदरच असणार, पण एकसष्टाव्या वर्षी उजव्या बाजूने चालवायला शिकायचं आणि वर डोंगर बघायचे, हे मला नको होतं. दुसरं, आपलं भारतीय लायसन्स तिथे पोहोचल्यापासून बारा महिने चालतं. तरी मी आर.टी.ओ.तून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घेतला, हजार रुपये फी आहे. गाडी भाड्याने देणारे काउंटरवर काय मागतील याचा नेम नसतो.

रस्त्याचं नाव नॉर्थ कोस्ट ५००. इन्व्हरनेस गावातून निघायचं, उत्तरेच्या टोकाला वळसा घालून परत इन्व्हरनेसला यायचं. ५१६ मैल, म्हणजे साधारण ८३० किलोमीटर. रस्ते जुनेच आहेत, त्यांना जोडून हे नाव दिलं २०१५ मध्ये. आता तुम्ही म्हणाल ८३० किलोमीटर म्हणजे काय, आपण एका दिवसात पुण्याहून गोव्याला जातो. मीही आधी तसाच हिशेब केला होता, पण नकाशा नीट वाचल्यावर तो बदलला. पश्चिमेकडचे आणि उत्तरेकडचे बरेच रस्ते एकपदरी आहेत. एकपदरी म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्या दोघांना मिळून एकच गाडी मावेल एवढे. मधूनमधून रस्ता जरासा रुंद केलेला असतो, त्याला पासिंग प्लेस म्हणतात. समोरून गाडी दिसली आणि अशी जागा तुमच्या डावीकडे असली तर तुम्ही आत शिरायचं. उजवीकडे असली तर शिरायचं नाही. आपल्या बाजूलाच, तिच्यासमोर थांबायचं, समोरचा आत शिरून वळसा घालून जातो. चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. मागे कोणी घाईचा असेल तर त्यालाही जागा द्यायची. आणि तिथे गाडी लावून फोटो काढायचे नाहीत, याचा तिथल्या लोकांना फार राग येतो. बरोबरच आहे, आपल्या गेटसमोर कोणी गाडी लावली की आपण काय करतो?

आता यातली अडचण अशी की जागा डावीकडे, म्हणजे ह्यांच्या बाजूला, आणि ह्यांना कडेचंच दिसत नाही. मग आम्ही ठरवलं की हे दूरवर समोरच पाहतील. लांबून येणारी गाडी ह्यांना माझ्याआधी दिसते, नजर मुळात ड्रायव्हरची आहे. "लाल गाडी, दोन वळणं पुढे" असं सांगणं ह्यांचं काम, जागा शोधणं माझं.

दुसरं म्हणजे रिव्हर्स. जागा मागे राहिली असेल तर पन्नास-शंभर मीटर मागे यावं लागतं. मी आयुष्यभर मंडई आणि स्टेशन एवढीच गाडी चालवलेली. म्हणून मार्चपासून रोज सकाळी सहाला आपल्या मागच्या पार्किंगमध्ये, ए विंगपासून पंप रूमपर्यंत, रिव्हर्सची प्रॅक्टिस. आपले वॉचमनकाका "येऊ द्या, येऊ द्या, बास!" करत असायचे. काहींनी बाल्कनीतून पाहिलंय, आणि काहींनी दूध आणायला जाताना सल्लेही दिलेत. चार रविवार ताम्हिणी आणि वरंध घाटात गेले. त्यानंतर मुलाने टूरचा विषय काढला नाही.

महिना निवडला मे. लोक जुलै-ऑगस्टला जातात, पण तेव्हा तिथे मिजेस नावाची चिलटं अंगावर तुटून पडतात आणि गर्दीही असते. आमचं कारण वेगळंच होतं. ह्यांना अंधुक उजेडात फार त्रास होतो. मेच्या मध्याला तिथे रात्री साडेनऊपर्यंत लख्ख उजेड असतो आणि पहाटे पाचला सूर्य वर. डिसेंबरात साडेतीनलाच दिवस मावळतो. उजेड जास्त तितका ह्यांचा दिवस मोठा, असा साधा हिशेब.

गाडी ऑटोमॅटिकच हवी असं बुकिंग करताना स्पष्ट लिहा. तिकडे न सांगता मिळते ती गिअरची. क्रेडिट कार्ड चालवणाऱ्याच्या नावाचं लागतं, माझ्या नावाने मुद्दाम काढलं. ज्येष्ठांनो, काही कंपन्यांची वरची वयोमर्यादा असते, ती आधी विचारा. प्रवास विम्यात काचबिंदू लिहूनच घेतला, हप्ता थोडा वाढतो. थेंबांच्या दोन बाटल्या, एक माझ्या पर्समध्ये आणि एक ह्यांच्या खिशात, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. तूप, पेढे, बर्फी नेऊ नका, दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये आणू देत नाहीत. मेतकूट, भडंग, लोणचं हे सगळं व्यवस्थित पोहोचलं. पेट्रोल आपणच भरायचं, हिरवा पाइप पेट्रोलचा, काळा डिझेलचा. पंप लांब-लांब आहेत, अर्धी टाकी झाली की भरा.

लंडनहून रात्रीच्या झोपायच्या गाडीने इन्व्हरनेस. तिथे उतरल्या दिवशी मी स्टिअरिंगला हात लावला नाही. थकून परक्या देशात गाडी चालवायची नाही, हा नियम मी केला आणि तो पाळला.

सहा रात्रींची वाटणी मी अशी केली: ॲपलक्रॉसला दोन, उल्लापूलला दोन, मग डर्नेस आणि थर्सोला एकेक. पूर्व किनाऱ्याचा रस्ता चांगला आणि सपाट आहे, तो शेवटच्या एका दिवसात. पुष्कळ लोक रोज मुक्काम बदलतात. मी एक दिवस मोकळा ठेवला तो हवेसाठी, आणि तो कसा उपयोगी पडला ते सांगते.

ॲपलक्रॉसला जायला एक घाट आहे, ब्यालख ना बा. गेलिक भाषेत अर्थ 'गुरांची खिंड'. आपल्याकडच्या कुठल्याही घाटाला शोभेल असं नाव. समुद्राच्या पातळीपासून ६२६ मीटरपर्यंत चढतो, पूर्वेच्या बाजूला केसांच्या पिनेसारखी वळणं, रस्ता एकपदरी. पायथ्याशी पाटीच आहे, शिकाऊ चालकांनी आणि मोठ्या वाहनांनी येऊ नये. ह्यांना तो बघायचाच होता. आम्ही पोहोचलो तेव्हा अर्ध्या डोंगरावर ढग बसलेला. मी आधीच ठरवलं होतं की माथा दिसत नसेल तर वर जायचं नाही. शील्डेगवरून किनाऱ्याने लांबचा रस्ता आहे, तो घेतला. हे काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं, असं मला तेव्हा वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ धुतल्यासारखं. ॲपलक्रॉसच्या बाजूने तोच घाट सौम्य आहे, अवघड वळणं पलीकडच्या अंगाला. आम्ही अलीकडूनच माथ्यापर्यंत चढलो, तिथे गाडी लावायला जागा आहे. पश्चिमेला समुद्र, त्यात रासे बेट, त्याच्या मागे स्काय आणि क्युलिनचे काळे दातेरी कडे. ह्यांनी डावीकडून सुरुवात केली आणि हळूहळू मान फिरवत उजवीकडे आले. मग पुन्हा. मी घड्याळ पाहिलं नाही, पण थर्मासमधला चहा गार झाला होता. शेवटी म्हणाले, "सगळं जोडून झालं. आता डोळे मिटले तरी अख्खं दिसतंय." मी गाडीतून त्यांची दुसरी शाल आणायला गेले. जरा वेळ गाडीतच थांबले.

तिसरा दिवस सगळ्यात लांबचा, टॉरिडन आणि गेअरलॉकवरून उल्लापूल. वाटेत कॉरीशालोक घळीवर झुलता पूल आहे, तो जॉन फाउलरने बांधला, फोर्थच्या प्रसिद्ध रेल्वेपुलाच्या दोन अभियंत्यांपैकी एक. खाली ४६ मीटर धबधबा. मी पुलावर गेले नाही, हे गेले.

उल्लापूलच्या उत्तरेला नॉकन क्रॅग म्हणून एक कडा आहे. भूगर्भशास्त्राची आवड असलेल्यांनी तो चुकवू नये. तिथे जुना खडक वर आणि नवा खाली आहे. हे उलटं कसं, यावर एकोणिसाव्या शतकात विद्वानांची मोठी भांडणं झाली. शेवटी पीच आणि हॉर्न या दोघांनी वर्षानुवर्षं पायी फिरून दाखवलं की जमिनीच्या हालचालीत जुने थर नव्यांवर सरकत आले. त्या भागातला सगळ्यात जुना दगड तीन अब्ज वर्षांपर्यंतचा. आपला सह्याद्री साडेसहा कोटींच्या आसपासचा, म्हणजे त्याच्यापुढे अगदी कालचा पोरगा.

उत्तर किनाऱ्यावर मैलोनमैल माणूस दिसत नाही. पहिल्यांदा वाटतं, काय निसर्ग आहे! मग कळतं की तिथे वस्ती होती. स्ट्रॅथनेव्हरच्या खोऱ्यातून १८१४ आणि १८१९ मध्ये सदरलंडच्या जमीनदारांनी शेकडो कुटुंबं उठवली, घरांची छपरं जाळली, कारण मेंढ्यांमधून पैसा जास्त मिळत होता. उठवलेल्यांना किनाऱ्यावर खडकाळ तुकडे दिले. शेवटच्या दिवशी त्याच घराण्याचा डन्रॉबिन वाडा लागला, १८९ खोल्या, बाग तर चित्रासारखी. मी तिकीट काढून आत जाऊन आले. हे आत आले नाहीत. ह्यांचं मूळ गाव कोयनेच्या शिवसागराखाली आहे, तुम्हाला माहीत आहे. धरणाची गोष्ट आणि मेंढ्यांची गोष्ट एक नाही, हे ह्यांनाही कळतं. तरी बाहेर बाकावर बसून राहिले. मीही आग्रह केला नाही.

हो, एक राहिलं. सगळे जॉन ओ'ग्रोट्सच्या पाटीशी फोटो काढतात, पण ब्रिटनच्या मुख्य भूमीचं सगळ्यात उत्तरेचं टोक ते नव्हे, ते डनेट हेड. थर्सोपासून जवळच आहे, वारा असा की दार उघडताना दार धरून उघडावं लागतं. आम्ही दोन्हीकडे गेलो आणि फोटो डनेट हेडलाच काढला, कारण ह्यांना खोटी पाटी चालत नाही.

सात दिवसांत रिव्हर्स घ्यावा लागला नऊ वेळा. ह्यांनी वहीत मोजून ठेवलंय.

खर्चाचा हिशेब, मुक्कामांची यादी आणि रोजचे किलोमीटर असलेली फाईल सोसायटी ऑफिसात ठेवली आहे, हवी त्याने झेरॉक्स काढावी. घाटाबद्दल आणि गाड्यांबद्दल काही विचारायचं असेल तर ते ह्यांना विचारा, पहिल्या रांगेत बसलेत. फक्त बाजूने हाक मारू नका, समोर येऊन बोला.