आधी धुराडं बघा

श्रोतेहो, महाबळेश्वर-पाचगणीकडचा जुना, इंग्रजी काळातला बंगला बघायला गेलेली मंडळी दिवाणखान्यात फायरप्लेस दिसली की विरघळतात. वरच्या फळीवर हात फिरवतात, फोटो काढतात आणि पहिल्याच थंडीत ओंडके पेटवतात. अहो, आधी धुराडं बघा!

स्थळ बघताना आपण नुसत्या नाकाडोळ्यांवर जात नाही, घराणं विचारतो. फायरप्लेसचं नक्षीकाम म्हणजे नाकडोळे. घराणं वर आहे, छपराच्या पलीकडे. तेव्हा चौकशी माळ्याकडे, रखवालदाराकडे करा. शेवटचा जाळ कधी झाला होता? वर फरशी टाकून तोंड तर बुजवलेलं नाही? मधमाश्यांनी पोळं केलंय का? आणि बघायला दिवसाच जा. पिवळ्या दिव्याखाली सगळीच स्थळं देखणी दिसतात.

आता चेहऱ्यावरूनही थोडं कळतं, नाही असं नाही. तोंड उथळ आणि आत लोखंडी जाळीची छोटी टोपली असेल, तर ती दगडी कोळशासाठी. त्यात ओंडके कोंबलेत तर धूर तुमच्याच खोलीत. दोन्ही बाजूंच्या भिंती बाहेर तिरक्या उघडणाऱ्या असतील, तर ती काउंट रम्फर्ड या शास्त्रज्ञाची १७९६ च्या निबंधातली युक्ती. उष्णता खोलीत परावर्तित होते. चेहरा असा वाचायला छान आहे. पण धुराडं?

आरसा आणि विजेरी घेऊन खालून वर बघा. आतला गिलावा चुन्याचा. इंग्रज कारागीर त्यात चक्क शेण मिसळत. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. धुराड्याचं तोंड उघडं राहिलं तर चुना किती टिकणार? सांधे सुटले की ठिणगी पोटमाळ्याच्या लाकडाला भिडते. आत डांबरासारखी चकचकीत काजळी दिसली तर तीही पेट घेते. पेटती उदबत्ती फायरप्लेसच्या तोंडाशी धरा. धूर आत ओढला जायला हवा. खोलीत परतला तर जाळ करू नका. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. उदबत्ती पास झाली तरी जाणत्या गवंड्याला छपरावर चढवाच, आतून बघू दे.

आणि धुराड्यातल्या भेगा सिमेंटनं बुजवू नका. जांभ्या दगडाला आणि जुन्या चुन्याला सिमेंट का मानवत नाही, हे सांगणार होतो, पण स्टुडिओच्या काचेपलीकडून हात हलतोय, वेळ संपली. पुढच्या वेळी. तोवर धुराडं बघून घ्या.