आधी ताट, मग पाठ

(चेन्नई येथे जमलेल्या रेल्वे व टपाल खात्यातील मराठी प्रतिनिधींपुढे केलेले भाषण)



पगार, पेन्शन, कंत्राटीकरण यांवर आपण भरपूर बोललो. आता थोडे मुलांच्या ताटाबद्दल बोलू. हा घरातल्या बायकांचा विषय म्हणून हसण्यावारी नेऊ नका. याच शहरात, पेरांबूरच्या गिरणी कामगारांतून 1918 साली मद्रास लेबर युनियन उभी राहिली. जेवणाच्या सुट्टीत धड चार घास खायला वेळ मिळत नाही, ही तिच्या पहिल्या तक्रारींपैकी एक होती. तेव्हा जेवणाचा प्रश्न युनियनला नवा नाही.

गरिबांच्या मुलांना चांगल्या खाण्याच्या सवयी शिकवा, असे सगळे सांगतात. शाळेत तक्ता लागतो : पालेभाजी खा, डाळ खा, फळे खा. मूल तक्ता पाठ करते. पण घरी डबा रिकामा असेल तर त्या पाठांतराचा उपयोग काय? सवय तक्त्याने लागत नाही. रोज वेळेवर ताटात जे पडते, त्याने लागते.

या शहराने हे फार पूर्वी ओळखले. 1920 साली त्यागराय चेट्टी मद्रास महापालिकेचे अध्यक्ष असताना थाउजंड लाइट्स भागातील पालिका शाळेत दुपारचे खाणे देण्याचा ठराव झाला. मुलामागे रोज एक आण्याहून जास्त खर्च नको, अशी अट होती. पुढे आणखी चार शाळा घेतल्या. त्या पाच शाळांचा पट 1922-23 मधील 811 वरून 1924-25 मध्ये 1671 वर गेला. तरीही 1925 मध्ये सरकारने खर्चाला हरकत घेतली आणि ताट उचलले गेले.

ते पुन्हा मांडले 1956 मध्ये कामराज यांनी, आणि 1982 मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी त्याची मोठी योजना केली. नंतर अंडे आले. 2022 पासून प्राथमिक शाळांत सकाळची न्याहारीही सुरू झाली : उपमा, खिचडी, पोंगल आणि भाज्या घातलेले सांबार. घरी भोपळा बाजूला सारणारे मूल इथे शेजारचा खातो म्हणून खाते. हात धुऊन सगळ्या जातींची पोरे एका पंगतीला बसतात. हाच खरा पाठ.

आणि आपल्याकडे? शाळेत खिचडी मिळते. 2023 मध्ये आठवड्याला एक अंडे सुरू झाले; जानेवारी 2025 मध्ये राज्य सरकारने त्याचा निधी काढून घेतला. 1925 ची आठवण व्हावी असाच हा प्रकार. खिचडी रांधणाऱ्या बहिणी अजून तुटपुंज्या मानधनावर राबतात.

सरकारला बोल लावताना आपल्याकडेही पाहू. रात्रपाळी करून आम्ही घरी येतो, पोर दारात उभे असते आणि आम्ही त्याच्या हातात चिप्सचे पाकीट ठेवतो. पोर खूश, आम्हीही मोकळे. तेवढ्याच पैशांत शेंगदाणे-गूळ किंवा केळे येते, हे आम्हाला कळत नाही असे नाही. कळते, पण वळत नाही. जिथे कंत्राटी सफाई कामगार आई पहाटेच कामावर जाते, तिथे पाकीट हीच न्याहारी होते. त्या आईला उपदेश करण्याचा आपल्याला हक्क नाही. तिच्या मजुरीसाठी भांडण्याचा आहे.

म्हणून तीन गोष्टी करू. प्रत्येक शाखेने अंडे आणि न्याहारीचा ठराव करून सरकारकडे पाठवावा. स्वयंपाकी बहिणींच्या लढ्यात आपला झेंडा दिसावा. आणि टपाल बांधवांनो, तुम्ही गावोगाव जाता. शाळेत शिजते की नाही, हे डोळ्यांनी पाहा आणि शाखेला कळवा.

पाकिटाचे मात्र आपले आपणच पाहायचे. त्यासाठी ठराव लागत नाही.

कामगार एकजुटीचा विजय असो!