लग्न कोण लावितो?



लग्न कोण लावितो, हा प्रश्न आम्ही आज मुद्दामच आपल्यापुढे ठेवीत आहोत. बहुतेक म्हणतील, पाद्री लावितात. काही तरुण म्हणतील, सरकार लाविते; कारण दाखल्यावाचून कोणी लग्न मानीत नाही. दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. आपल्या ख्रिस्तसभेची शिकवण अशी की, हा साक्रामेंत वर आणि वधू हीच एकमेकांस देतात. धर्मगुरू ख्रिस्तसभेच्या नावाने त्यांचा होकार विचारून घेतात व साक्षी राहतात. सरकार त्या वेळी देवळाच्या दारातही नसते.

मुंबईकरांस हे चटकन उमगावे, कारण हे बेटच एका लग्नात आंदण गेले. १६६१ सालच्या तहाने पोर्तुगालने राजकन्या कॅथरीनबरोबर ते इंग्लंडच्या राजास दिले, आणि येथील कॅथलिकांच्या धर्माचरणास मोकळीक राहील असे कलम त्यात घातले. १६६२ च्या मे महिन्यात पोर्ट्समथ येथे त्या उभयतांचे लग्न दोनदा लागले: आधी गुपचूप कॅथलिक विधीने, मग उघडपणे राजाच्या पंथाप्रमाणे. राणीने मनात कोणते लग्न खरे धरिले असेल, हे सांगावयास नको.

पुढे १८७२ साली ख्रिस्ती विवाहाचा कायदा झाला. त्याने आपल्या धर्मगुरूंकडे निराळा सरकारी परवाना मागितला नाही. आपल्या विधीप्रमाणे लग्न लावण्यास मुभा दिली. नोंद कोणत्या नमुन्यात ठेवावी, हेही बिशपांवर सोपविले. दर तीन महिन्यांनी त्या नोंदी सरकारी निबंधकाकडे कळवाव्या, एवढेच. गिरगावात ज्यांची घरे मूळची गोव्याची, त्यांस हा फरक ठाऊक आहे. तिकडे आधी निबंधकाच्या कचेरीत सह्या आणि मग देऊळ.

मग देव साक्षी असता कागद हवाच कशाला, असे काही भाविक मंडळी विचारतात. आम्हांस हा प्रश्न भाबडा वाटतो. एके काळी युरोपात दोघांनी एकांतात दिलेले वचनही लग्न म्हणून धरले जाई. परिणाम काय झाला? वचन देऊन पुरुष उलटे, दुसरीशी उघड लग्न करी, आणि पहिलीजवळ पुरावा काहीच नसे. म्हणून त्रेंतच्या धर्मसभेने १५६३ साली ठरविले की, धर्मगुरू आणि दोन किंवा तीन साक्षी यांच्यासमोर झाल्यावाचून लग्न खरे नव्हे, आणि त्याची नोंद वहीत झाली पाहिजे. ती वही कोणा सरकारच्या हुकुमावरून आलेली नाही. ख्रिस्तसभेनेच ती दुबळ्या बाजूसाठी उघडिली.

सरकारने लग्न लावू नये, हे आमचे मत ठाम आहे. पण लागलेले लग्न सरकारास कळू नये, हे म्हणणे निराळे. लालबाग-परळच्या चाळीत नवरा अकाली गेला, तर खोलीच्या हक्कासाठी आणि फंडाच्या पैशासाठी विधवेला दाखलाच पुढे करावा लागतो. तिच्या अश्रूंवर कोणताही कारकून सही करीत नाही.

आणखी एक गोष्ट कठोर आहे, तरी सांगितली पाहिजे. ख्रिस्तसभेच्या न्यायपीठाने एखादे लग्न मुळातच झाले नव्हते असा निर्णय दिला, तरी सरकारदरबारी ते उभेच राहते. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने तसा निकाल दिला, आणि अशा निर्णयांस कायद्याची मान्यता मिळावी ही मागणी २०१७ साली फेटाळली. उलट, दिवाणी घटस्फोटाने साक्रामेंताची गाठ सुटत नाही. ज्यांच्या घरी हे दुःख आले आहे, त्यांस दोन्ही दारे ठोठवावी लागतात. त्यांच्याकडे बोट दाखविण्याऐवजी त्यांना वाट दाखवावी, अशी आमची विनंती आहे.

असो. उंबराचे पाणी आणण्यास, मांडवास आणि वाजंत्र्यास आपण किती दिवस देतो! मग मिस्सा आटोपल्यावर साक्रिस्तीत सह्या करताना मात्र दोन मिनिटांचीही घाई होते. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर एक नाव, वहीत दुसरे, आडनावाचे अक्षर तिसरेच. साक्षीदारांनी सही करण्यापूर्वी दोघांची नावे एकदा मोठ्याने वाचावी. वाजंत्री तेवढा वेळ थांबतील.