भाव कुठल्या सेलूचा?

(सेलू, जि. वर्धा येथे डिसेंबर 2025 मध्ये शेतकरी आणि तरुण कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुरुवात अगदी साध्या गोष्टीने करतो. तुमच्या मोबाईलवर ‘सेलू कापूस भाव’ असं शोधून पाहा. जो आकडा समोर येतो, तो पुष्कळदा आपला नसतोच. तो मराठवाड्यातल्या, परभणी जिल्ह्यातल्या सेलूचा असतो. आपली बाजार समिती भावाच्या यादीत ‘सिंदी (सेलू)’ या नावाने असते. नाव एक, गावं दोन. ज्याला हे माहीत नाही तो परभणीचा भाव पाहून इथल्या व्यापाऱ्याशी भांडतो आणि घरी येऊन म्हणतो, सगळे चोर आहेत.

आपल्याच राज्यातली दोन सेलू आपल्याला वेगळी ओळखता येत नसतील, तर दोन देशांचे भाव एका ओळीत लिहून आलेला मेसेज आपण किती सहज खरा मानतो, याचा विचार करा. आज मला त्याबद्दलच बोलायचं आहे.

यंदा पोळ्याच्या आठवड्यात माझ्या ओळखीतल्या एका गावच्या शेतकरी ग्रुपवर असा मेसेज आला: ‘पाकिस्तानात कापसाला क्विंटलमागे 21,000 रुपये. आपल्याकडे 8,000. जागे व्हा.’ टाकणारा माणूस कुणी राजकारणी नव्हता. पाच एकराचा शेतकरी, भावाने पिचलेला. त्याच ग्रुपवर एक मुसलमान तरुण आहे. त्याची तीन एकर कोरडवाहू शेती आहे. त्याने एवढंच लिहिलं, ‘ये सही है क्या?’ पहिलं उत्तर आलं, ‘मराठीत लिही.’ दुसरं आलं, ‘तुमच्या देशाचं तुम्हालाच माहीत.’ पुढे चाळीस-पन्नास मेसेज झाले. त्यात कापूस कुठेच नव्हता. रात्री तो ग्रुपमधून बाहेर पडला.

आता त्या आकड्याकडे पाहू. आकडा निव्वळ खोटा नव्हता. 2023 मध्ये पाकिस्तान सरकारने कापसाला 40 किलोमागे 8,500 रुपये भाव जाहीर केला होता. तिथे कापूस क्विंटलने नाही, 40 किलोच्या मणाने मोजतात. हिशोब केला तर क्विंटलला 21,250 होतात. म्हणजे गुणाकार बरोबर होता. पण ते रुपये पाकिस्तानी. त्या वर्षी आपल्या एका रुपयाला तिकडचे साधारण साडेतीन रुपये पडत होते. म्हणजे आपल्या पैशात तो भाव सुमारे सहा हजार झाला. त्याच हंगामात आपल्याकडे लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 7,020 होता. आणि मेसेज पाठवला जात होता 2025 मध्ये, जेव्हा आपला हमीभाव 8,110 झालेला होता. चलन वेगळं, वर्ष वेगळं, आणि मधला हिशोब गाळलेला.

त्या तरुणाने विचारलेला प्रश्न बरोबर होता. अख्ख्या ग्रुपवर त्या दिवशी कामाचा प्रश्न फक्त त्यानेच विचारला. आणि त्यालाच बाहेर जावं लागलं.

हेच उलट्या बाजूनेही चालतं. ‘पाकिस्तानात टोमॅटो इतके शे रुपये किलो’ म्हणून हसणारे मेसेज तुम्ही पाहिले असतील. तिथेही चलन बदललेलं नसतं. एकीकडे त्यांचा भाव दाखवून आपल्याला लाज आणायची, दुसरीकडे त्यांची महागाई दाखवून आपण खूश व्हायचं. दोन्ही ठिकाणी चूक तीच.

अमेरिकेच्या भावाचंही असंच. तिथला भाव सेंट प्रति पौंड असा येतो आणि तो रुईचा असतो, सरकीसकट कापसाचा नाही. उदाहरण घ्या. 65 सेंट पौंड भाव असेल तर 2025 अखेरच्या दराने क्विंटलभर रुईचे जवळपास तेरा हजार रुपये होतात. पण आपल्या क्विंटलभर कापसातून रुई निघते 34-35 किलो, बाकी जवळपास सगळी सरकी. रुईचा भाव कापसाला लावला की आकडा जवळजवळ तिप्पट दिसतो. जिनिंगवर हमाली केलेल्या कोणत्याही माणसाला हे कळतं. ग्रुपवर मात्र त्याला कुणी विचारत नाही.

बियाण्याच्या वादातही मूळ मुद्दा असाच हरवतो. ‘ब्राझील बघा, आपल्या चौपट काढतं’ असा मेसेज आला की एक जण म्हणतो आपण मागास, दुसरा म्हणतो तू देशद्रोही. ब्राझीलचं उत्पादन खरोखरच आपल्याहून कितीतरी जास्त आहे. पण तिथे प्रचंड मोठी शेतं आहेत, झाडं दाट लावतात, वेचणी यंत्राने होते आणि बियाणं सरळ वाणाचं असतं. आपण 2002 मध्ये बीटीला परवानगी दिली ती मुख्यतः संकरित वाणांतून, म्हणून दरवर्षी पाकीट विकत घ्यावं लागतं. हा प्रश्न बोलण्यासारखा आहे. त्यातून आपल्या तालुक्यात काय लावावं याची चर्चा होऊ शकते. ‘कोण मोठा देश’ या भांडणातून ती होत नाही.

आता पोळ्याच्या त्याच आठवड्यात खरी बातमी काय होती ते सांगतो. 19 ऑगस्टपासून केंद्र सरकारने कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क काढून टाकलं. आधी 30 सप्टेंबरपर्यंत, मग मुदत वाढवून 31 डिसेंबरपर्यंत. म्हणजे आपला कापूस घरात येतो नेमक्या त्या महिन्यांत बाहेरचा कापूस शुल्काशिवाय आत येणार. अमेरिकेने आपल्या मालावर 50 टक्क्यांपर्यंत कर लावला होता, कापड उद्योग अडचणीत होता, त्याला आधार द्यायला हे केलं असं सरकारचं म्हणणं. त्याला बाजू आहे. शेतकऱ्याचीही बाजू आहे. यावर आपण खूप भांडायला हवं होतं. पण आपण पाकिस्तानवर भांडत होतो.

आणि तो तरुण? दुसरी बातमीही त्याच ग्रुपवर आली. यंदा भारतीय कापूस महामंडळाला हमीभावाने कापूस द्यायचा तर ‘कपास किसान’ या ॲपवर आधी नोंदणी करायची होती. आधार, जमिनीचा उतारा, मग कापूस आणायची तारीख. ओलावा 8 टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण भाव, 12 पर्यंत कपात, त्यावर खरेदी नाही. ग्रुपवरच्या पोरांनी एकमेकांचे फोन घेऊन नोंदण्या केल्या. याला ते उशिरा कळलं. तोवर उधारी फेडायला त्याने अर्धा कापूस हमीभावाच्या खाली विकला होता.

एका टोमण्याची किंमत इतकी असते, मित्रांनो. गावचा ग्रुप म्हणजे नुसती करमणूक नाही. पाऊस कुठे पडला, ट्रॅक्टर कुणाचा मोकळा आहे, रक्त कुणाला हवंय, हे सगळं तिथेच कळतं. पूर्वी जसं विहिरीवरून कुणाला हाकलणं म्हणजे नुसता अपमान नव्हता, पाणी तोडणं होतं, तसंच हे आहे.

‘मराठीत लिही’ या वाक्याबद्दल थोडं बोलतो. मराठी शेतकऱ्याची हंगामाची तक्रार ऐका: ‘खरीप हंगामात कापसाची किंमत पडली, नुकसान झालं, बाजारात वजन कमी भरलं, कर्जाचा हप्ता थकला, जमिनीवर बोजा चढला, आता तहसीलला अर्ज करतो.’ यातले खरीप, किंमत, नुकसान, वजन, कर्ज, तहसील, अर्ज हे शब्द अरबीतून आलेले. हंगाम, बाजार, हप्ता, जमीन हे फारसीतून आलेले. ते काढून टाका, शेतकऱ्याला आपलं दुःख सांगता येणार नाही. आणि आपल्या घरातल्या नानी-खाला वखर, डवरा, पऱ्हाटी म्हणतात, तेव्हा ते शब्द वऱ्हाडीतले असतात. त्यांना उर्दू पर्याय शोधायला कुणी जात नाही.

आपल्या विदर्भातलाच पातूर गावचा खटला आठवा. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगर परिषदेच्या पाटीवर मराठीखाली उर्दूतही नाव होतं. ते काढा म्हणून प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. 15 एप्रिल 2025 रोजी न्यायालयाने पाटी कायम ठेवली आणि स्पष्ट केलं की भाषा ही धर्माची नसते, ती लोकांची आणि प्रदेशाची असते. हा निकाल आपण ‘आपला विजय’ म्हणून फिरवला. ते बरोबर नाही. कारण त्याच न्यायाने मराठीही आपली ठरते. सातबारा मराठीत, नोटीस मराठीत, ग्रामसभा मराठीत. हमीद दलवाईंनी आपलं लेखन मराठीत केलं आणि 1970 मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ उभं केलं ते याच भूमीवर. मराठी आपण कुणाच्या धाकाने किंवा मेहेरबानीने बोलत नाही. पण ती नीट लिहिता यावी, हे आपलं काम आहे. उर्दू सोडायची नाही, मराठी टाळायची नाही.

आणि वर्ध्यात बसून भाषेवर भांडायचं तर कसं भांडावं याचा नमुना इथेच आहे. 1936 मध्ये वर्ध्यात राष्ट्रभाषा प्रचार समिती निघाली. गांधीजींचा आग्रह होता की राष्ट्रभाषा म्हणजे हिंदुस्तानी, आणि ती नागरी व उर्दू दोन्ही लिप्यांत शिकावी. त्यासाठी 1942 मध्ये इथेच हिंदुस्तानी प्रचार सभा झाली. पुरुषोत्तमदास टंडन यांना हे मान्य नव्हतं. दोघांनी पत्रं लिहिली, आपापली बाजू मांडली. पटलं नाही. 1945 मध्ये गांधीजी हिंदी साहित्य संमेलनातून बाहेर पडले. मतभेद मिटला नाही, पण कुणी कुणाचं देशप्रेम काढलं नाही.

आता थोडं घरचं. हे सगळं ऐकून आपल्याला वाटेल की चूक समोरच्यांचीच. आपल्या बिरादरीच्या ग्रुपवर काय येतं? ‘अमुक मुस्लिम देशात पेट्रोल पाण्याच्या भावात’, ‘तमुक देशात व्याजच नाही’. तिथे तेल जमिनीतून निघतं, तिथे आपला भाऊ मजूर म्हणून गेला तर त्याला मतदान नाही, हे आपण लिहीत नाही. अपमान झाला की दुसऱ्या देशाच्या मोठेपणात आसरा शोधावासा वाटतो, हे मी समजू शकतो. पण त्याने आपण टोमणा मारणाऱ्याचंच म्हणणं खरं करतो. आपला भाव सिंदीच्या यार्डात ठरतो. आपलं पेट्रोल सेलूच्या पंपावर भरलं जातं.

आणि पडताळणी काही आपल्याला परकी नाही. बातमी आली तर आधी शहानिशा करा, हे कुराणातल्या सूरह अल-हुजुरातमध्ये सांगितलेलं आहे. हदीसच्या अभ्यासकांनी तर प्रत्येक वचनामागे कुणी कुणाकडून ऐकलं याची साखळी तपासली, तिला इस्नाद म्हणतात. एक दुवा कच्चा निघाला तर ते वचन बाजूला ठेवलं. आपण त्याच परंपरेची नावं घेतो आणि ‘फॉरवर्डेड मेनी टाइम्स’ लिहिलेला मेसेज डोळे मिटून पुढे पाठवतो. संविधानाच्या कलम 51 अ मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन आणि बंधुभाव, दोन्ही नागरिकाची कर्तव्यं म्हणून लिहिली आहेत. भाव तपासून मग बोललो तर दोन्ही एकदम पाळली जातात.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. कोणताही भाव आला की चार प्रश्न विचारा. कुठला? कोणत्या तारखेचा? कोणत्या मापाचा? कोणत्या चलनातला? उत्तर मिळेपर्यंत पुढे पाठवू नका. कुणी नुसतं ‘हे खरं आहे का’ विचारलं आणि त्याला त्याच्या नावावरून उत्तर मिळालं, तर ग्रुपवरच्या दुसऱ्या कुणीतरी, शक्यतो त्याच्या धर्माच्या नसलेल्याने, एक ओळ लिहावी: ‘प्रश्न बरोबर आहे, उत्तर द्या.’ त्या रात्री अशी एक ओळ कुणी लिहिली नाही. वाईट वाटलेले दहा जण होते. ते दुसऱ्या दिवशी त्याला रस्त्यात भेटले आणि म्हणाले, ‘जाऊ दे ना भाऊ.’ त्यांची सहानुभूती खरी होती. पण ती ग्रुपवर दिसायला हवी होती.

आणि ज्याला बोललं जातं त्याला माझी विनंती: बाहेर पडू नका. मला माहीत आहे, हे सांगायला सोपं आहे. पण आपण गेलो की आपल्या जागी आपल्याबद्दलच्या अफवा राहतात.

शेवटचं मागे बसलेल्या मावश्यांसाठी. कापूस वेचता तुम्ही, किलोवर मजुरी घेता तुम्ही, बोंड ओलं की सुकं हे बोटांना कळतं तुमच्या. आणि भावाच्या ग्रुपवर तुमच्यापैकी एकही नाही. इथे बसलेल्या पोरांनी आज घरी जाऊन आपल्या आईला, बहिणीला ग्रुपवर घ्यावं. पाकिस्तानात काय भाव आहे यापेक्षा आज वेचणीला काय दर आहे, हे त्या आधी विचारतील.

त्या तरुणाशी काल बोललो. गावातल्या दोघांनी त्याला पुन्हा ग्रुपवर घेतलं आहे. उरलेल्या कापसाची नोंदणीही त्यांनीच करून दिली. त्याने अजून तिथे काही लिहिलेलं नाही. तो लिहील तेव्हा कोणत्या भाषेत लिहितो हे पाहू नका, काय विचारतो ते पाहा.